काटापट्टी जपून ठेव

तुमसर,
१४ जून २०२६

चि. बाबूस,


इकडे धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली आहे. तरी आज वेळ काढून बसले, कारण परवा फोनवर तू जे बोललास ते मनातून जात नाही. तू म्हणालास, "आत्या, बाबांची एफडी तुझ्या नावावर करून घे. तू ज्येष्ठ नागरिक, फॉर्म भरून दिलास की बँक टीडीएस कापणार नाही. आणि मी तर अमेरिकेत कर भरतोच, मग इकडे रिटर्न कशाला?"

एफडी मी माझ्या नावावर करणार नाही. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, याला बेनामी म्हणतात आणि त्याविरुद्ध १९८८ पासून कायदा आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तीस वर्षं मी राईस मिलच्या खातेवह्या लिहिल्या. धान ज्याचं, काटापट्टी म्हणजे वजनाची पावती त्याच्याच नावाची, हा तिथला पहिला नियम होता. वजन कमी भरलं, भाव पडला, तरी पट्टीवरचं नाव बदलत नसे. म्हणूनच भांडण झालं तर शेतकऱ्याला दाद मागता यायची.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आपला देश नागरिकत्व पाहून कर लावत नाही, तू वर्षात किती दिवस इथे राहिलास ते पाहतो. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. देव्हाडीच्या तुमसर रोड स्टेशनावर आम्ही तुला निरोप दिला आणि १२ ऑगस्ट २०२४ ला तुझं विमान निघालं. एप्रिलपासून मोजले तर १३४ दिवस. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भारतीयाला १८२ दिवसांची मर्यादा आहे, म्हणून त्याच वर्षापासून तू कायद्याच्या भाषेत अनिवासी झालास. अनिवासी माणसाच्या परदेशातल्या पगाराला इथे कर नाही. मात्र इथे मिळालेलं भाडं, व्याज, घर विकून झालेला नफा यांवर इथलाच कर लागतो. पासपोर्टवरचे शिक्के दरवर्षी मोजून ठेव. सुट्ट्या लांबल्या की हा हिशेब फिरतो. इथलं उत्पन्न १५ लाखांवर गेलेल्यांना तर १२० दिवसांचीही अट लागू शकते.

तुझे बाबा, माझे दादा, गेले आणि सगळं तुझ्या नावावर आलं. त्यानंतरचं पहिलं काम अजून राहिलंय. तुझं जुनं बचत खातं अजून निवासी म्हणून चालू आहे. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलायला हवं. दादांची ठेवही त्याच खात्याशी जोडावी लागेल. तू तिकडून पाठवशील तो पैसा वेगळा, एनआरई खात्यात ठेव. त्या खात्यावरच्या व्याजाला इथे कर नाही.

एनआरओच्या व्याजावर बँक सरळ ३१.२ टक्के कापते, हे ऐकूनच तू घाबरलास ना? मग हा हिशेब पाहा. २० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी धरली तर व्याज १,४०,००० रुपये. त्यावर कपात ४३,६८० रुपये. घराचं भाडं महिना १०,००० म्हणजे वर्षाचे १,२०,०००. अनिवासी घरमालकाला भाडं देणाऱ्या भाडेकरूनेही त्याच दराने कर कापायचा असतो, तो झाला ३७,४४०. दोन्ही मिळून ८१,१२०.

आता खरा कर किती ते बघ. भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते, उरले ८४,०००. त्यात व्याज मिळवलं की २,२४,०००. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे तुझा कर शून्य, आणि ८१,१२० रुपये पूर्ण परत येणार! पण ते येतील फक्त रिटर्न भरलं तर. जे वाचवायला तू माझं नाव वापरायला निघाला होतास, ते सरळ मार्गानेच तुझ्या खात्यात जमा होणार आहे. शिवाय कापलेला कर २५,००० च्या वर गेला की रिटर्न भरणं बंधनकारकही आहे.

इथे सगळे म्हणतात, १२ लाखांपर्यंत कर नाही. ते तुझ्यासाठी खरं नाही. ती सवलत फक्त निवासी करदात्यांना आहे. ४ लाखांच्या वर गेलास की तुझा कर सुरू होतो. तसंच सहज नावाचा सोपा फॉर्म तुला चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शेजारच्या मुलाने भरला तसाच मीही भरतो, असं करू नकोस.

दुसरी बाजू तुझ्या तिकडची. अमेरिका तिथल्या कर-रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न मोजते. म्हणून इथलं भाडं, एनआरओचं व्याज, इथे करमुक्त असलेलं एनआरईचं व्याज, एवढंच काय, आपल्या धानाचे चुकारे खात्यात आले तर तेसुद्धा तिथे दाखवावे लागतात. दोन देशांत १९८९ चा करार आहे. इथे भरलेल्या कराचं श्रेय तिथे मिळतं, पण खरोखर लागलेल्या कराचं, नुसत्या कापलेल्याचं नाही. ८१,१२० परत घेतलेस आणि तिकडे त्यांचंच श्रेय मागितलंस, तर ते एकाच पोत्याचे दोनदा पैसे घेणं झालं. एप्रिलमध्ये तिकडचं रिटर्न भरताना हे दाखवलं नसशील तर दुरुस्तीचं रिटर्न भर. परदेशातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर त्याची वेगळी माहिती, एफबार, द्यावी लागते. तुझी एकटी एफडीच त्याहून मोठी आहे. त्याची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढते, म्हणजे अजून वेळ आहे. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. म्हणून भाडं आणि व्याज महिन्यावार लिहून ठेव, दोन्हीकडे तीच वही कामी येईल.

इथली तारीख ३१ जुलै. त्याआधी कापलेल्या कराचा उतारा, म्हणजे २६एएस, आणि वार्षिक माहिती पत्रक उतरवून घे आणि भाडेकरूने कापलेला कर तुझ्या पॅनवर खरंच जमा झालाय का ते पाहा. कापला पण भरला नाही, असं आपल्या गावात होतं. तारीख चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत दंड भरून रिटर्न देता येतं, पण ती वेळ येऊ देऊ नकोस. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी लागते, तिच्याशिवाय ते भरलेलं धरत नाहीत. तुझं इकडचं सिम बंद आहे, आधारचा ओटीपी येणार नाही. नेटबँकिंगमधून कर, नाहीतर सही केलेला कागद बंगळुरूला पोस्टाने पाठव. पासवर्ड मात्र मला किंवा कोणालाच देऊ नकोस.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला आहे. त्यामुळे पुढच्या वर्षापासून कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेले दिसतील. दरवर्षी एकदा जाणत्या सीएला विचारत जा. त्याची फी देताना हात आखडू नकोस.

बाबू, कर माफ असेल तिथे तो देऊ नकोस, तो तुझा हक्क आहे. पण कर माफ झाला म्हणून हिशेब माफ होत नाही. दादांनी आयुष्यभर धान विकलं, आणि त्यांच्या कपाटात सगळ्या काटापट्ट्या वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या सापडल्या. त्या मी तशाच ठेवल्या आहेत. या वर्षीच्या रिटर्नची पोचपावती मला पाठव, ती मी त्यांच्याशेजारी ठेवीन.

तुझी,
आत्या