न मागितलेले तिकीट

दान या विषयावर आपल्या स्मरणिकांतून नेहमी लिहिले जाते. विहारासाठी दिलेली जागा, रक्तदान, विद्यार्थ्यांना वह्यावाटप, यांची दखल घेतली जाते व ती घेतली जावी. प्रस्तुत लेखात मात्र मी एका अगदी लहान दानाविषयी, म्हणजे टपाल तिकिटे जमविणाऱ्या लोकांत चालणाऱ्या देवाणघेवाणीविषयी लिहिणार आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाने असल्या पोरखेळावर लेख का लिहावा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु घेणे आणि देणे यांतला जो भेद मला पुस्तकांतून नीट समजला नव्हता, तो या छंदाने समजावला.

आपल्या भोरचा या छंदाशी जुना संबंध आहे. भोर संस्थानाने 1879 साली स्वतःची अर्धा आणा व एक आणा किमतीची तिकिटे काढली होती. 1901 मध्ये पंतसचिव शंकरराव चिमणाजी यांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. 1948 साली संस्थान विलीन झाले. पण जगभरच्या संग्राहकांच्या कॅटलॉगमध्ये भोर हे नाव अजून छापले जाते. राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

या छंदात देण्याची सवय कशी लागते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. पाकिटावरचे तिकीट कागदासकट कापायचे, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे, सुटले की वर्तमानपत्रावर पालथे वाळवायचे आणि जाड पुस्तकात दाबायचे. असे करता करता एकच तिकीट दहादा मिळते व हवे असलेले एकदाही मिळत नाही. म्हणजे प्रत्येकाजवळ काही जास्त असते आणि प्रत्येकाजवळ काही कमी असते. मग अदलाबदल आलीच. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेल्या पत्त्यांचे असेच आहे. टॉप्स नावाच्या कंपनीने ती च्युइंग गमच्या पुड्यातून विकली. पुड्यात कोणता खेळाडू निघेल हे घेणाऱ्याला कळत नसे, त्यामुळे डुप्लिकेटचा ढीग साचे. 1952 सालच्या संचातील मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकला गेला. त्याच छंदातली माणसे, कुणी अमक्या संघाचे पत्ते जमवतो एवढे कळले की, त्याला न कळवता चार-दोन पत्ते टपालात टाकतात. पैशाच्या बातमीपेक्षा मला हे दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते.

आता माझी गोष्ट. 1993 साली मी बारा वर्षांचा होतो. बाबासाहेबांची तिकिटे एका वहीत लावायची माझी धडपड चालली होती. 1973 चे वीस पैशांचे व 1991 च्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे, ही दोन मिळाली होती. 14 एप्रिल 1966 रोजी निघालेले पंधरा पैशांचे पहिले तिकीट मिळत नव्हते. त्याच्यासाठी पेन्सिलीने चौकोन आखून ठेवला होता. 20 मार्चला वडील मला वरंधा घाटातून एस. टी.ने महाडला घेऊन गेले. वही बरोबर होतीच. चवदार तळ्यापाशी एका निवृत्त गुरुजींनी ती पाहिली, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून क्षणभर थांबले आणि माझा पत्ता लिहून घेतला. दीड महिन्याने पाकीट आले. आत बटर पेपरमध्ये ते तिकीट होते. चिठ्ठी नव्हती.

माझा आनंद काय वर्णावा! वडील मात्र गप्प झाले. म्हणाले, "किंमत काय ती पाठवून दे. फुकटचं आपण घेत नाही." या वाक्याला इतिहास आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने दारोदार भाकरी मागितली होती. तशी मिळालेली शिळी भाकरी हे दान नव्हते. घेणाऱ्याला खाली बसविण्याची ती रीत होती. 1927 च्या मार्चमध्ये महाडलाच बाबासाहेबांनी उष्टे व मृत मांस सोडा असे सांगितले, आणि आपल्या माणसांनी ते सोडले. वडिलांचा बाणा तिथला होता. त्यांना मी आजही चूक म्हणणार नाही.

दहा रुपयांची मनिऑर्डर केली. गुरुजींच्या थरथरत्या सहीची पावती आली आणि त्यानंतर काहीच आले नाही. मी दोन पत्रे टाकली. उत्तर नाही.

नोकरी लागल्यावर, 2006 साली, पुन्हा महाडला गेलो तेव्हा शोध घेत त्यांच्या घरी पोहोचलो. गुरुजी वारले होते. सूनबाईंनी कपाटातून एक पाकीट काढले. वर माझे नाव व पत्ता होता, तिकीटही चिकटवलेले होते. फक्त ते टपालात पडले नव्हते. आत 1956 च्या बुद्ध जयंतीची दोन आण्यांचे व चौदा आण्यांचे अशी दोन्ही तिकिटे होती. त्या म्हणाल्या, "मामांनी पाठवलं नाही. म्हणायचे, त्या पोराच्या बापाला परत पैसे भरावे लागतील."

खतावणीत नावे आणि जमा यांचा मेळ बसला की खाते बंद करता येते. मी दहा रुपये भरून तेच केले होते. ते पाकीट मी घेतले. त्याबदल्यात काही दिले नाही, आणि आभारही नीट मानता आले नाहीत.

बाबासाहेबांनी दान पारमितेचा अर्थ सांगताना मोबदल्याची अपेक्षा नसणे ही गोष्ट पुढे ठेवली आहे. सिगालोवाद सुत्तात माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी येतात: दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानत्तता, म्हणजे बरोबरीची वागणूक. दान पहिले आणि बरोबरी शेवटची, म्हणून आपण शेवटची विसरतो असे मला वाटते. बरोबरी नसली की त्याच दानाची भीक होते. गुरुजींनी माझ्या वहीतला रिकामा चौकोन पाहिला होता. माझे गरीब कपडे पाहून त्यांनी तिकीट दिले नव्हते. बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी आपल्यासारखाच एक संग्राहक मानले होते.

हे समजूनही मी चुकलोच. आमच्या शाखेत वेल्ह्याकडचे एक खातेदार येतात. त्यांची मुलगी तिकिटे जमवते असे कळताच मी माझ्याकडची साठ-सत्तर डुप्लिकेट एका पिशवीत भरून दिली. पुढाऱ्यांची, परिषदांची, धरणांची. तिने वळणदार अक्षरात आभाराची चिठ्ठी पाठवली. पुढे बोलता बोलता समजले की ती फक्त पक्ष्यांची तिकिटे जमवते. मी तिला काही दिले नव्हते, माझा ड्रॉवर साफ केला होता. (हल्ली टपालावर तिकिटाऐवजी बारकोडची चिठ्ठीच जास्त दिसते. अशा दिवसांत नव्या मुलाला एकेक तिकीट मिळणे किती अवघड झाले आहे, हे आम्हा जुन्या लोकांच्या ध्यानात राहत नाही.)

1975 साली भारतीय पक्ष्यांचा चार तिकिटांचा संच निघाला होता. त्यातले पंचवीस पैशांचे तिकीट नवरंगाचे आहे. हा पक्षी पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या डोंगरांत येतो. तोरण्याच्या पायथ्याच्या मुलीला तो सांगायला नको. माझ्याकडे ते एकच होते. अल्बममधून काढले, बटर पेपरमध्ये ठेवले आणि पाठविणाऱ्याचे नाव न घालता भोरच्या पोस्टात टाकले. माझ्या पानावर तिथे आता चौकोन आहे.

आठवड्याने तिचे वडील काउंटरवर आले. म्हणाले, "साहेब, घरी एक पाकीट आलंय. नाव नाही, नुसता भोरचा शिक्का दिसतोय. पोरगी नाचतीय. पण कुणाचं ते कळल्याबिगर ठेवायचं कसं? परत काय पाठवायचं, कुणाला पाठवायचं?"

मी म्हणालो, "परत काही पाठवायचं नसतं," आणि त्यांचे पासबुक छापायला घेतले.