गॅस एकच, कूळ वेगळं

प्रश्न : आमच्याकडे गोबरगॅस आहे. लोणारच्या गाळातही मिथेन तयार होतो आणि मुंबई हायच्या गॅसमध्येही मुख्यतः मिथेनच. मग कुठला गॅस कशापासून, किती उष्णतेत तयार झाला हे कळतं कसं?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : मिथेनला ना रंग ना वास, पण त्यातला कार्बन त्याचं कूळ सांगतो. कार्बन-12 हलका, कार्बन-13 किंचित जड. खळ्यावरची उफणणी आठवा : वारा मंद असला की नुसता भुसा उडतो, जोर धरला की हलके दाणेही जातात. सूक्ष्मजीव हलका कार्बन आधी उचलतात. त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये कार्बन-13 चं प्रमाण ठरावीक मानकापेक्षा सहसा हजारी 60 किंवा त्याहून जास्त कमी भरतं. जमिनीखालच्या उष्णतेनं झालेल्या मिथेनमध्ये ही तूट साधारण 25 ते 50 असते. उष्णता वाढेल तसा जड कार्बनही सुटतो आणि तूट घटते. गॅसची परिपक्वता मोजतात ती यावरून.

पण एका आकड्यावर निकाल देत नाहीत. ज्वारीच्या कडब्यातला कार्बन मुळातच जरा जड असतो, म्हणून त्यावर पोसलेल्या गुरांच्या शेणाचा गॅस फसवू शकतो. मग इथेन-प्रोपेन पाहतात. सूक्ष्मजीवांच्या गॅसमध्ये ते नावालाच, उष्णतेच्या गॅसमध्ये बरेच. मात्र उष्णता फारच झाली की तेही मोडून पुन्हा जवळपास नुसता मिथेन उरतो.

आपल्या जिल्ह्यातला काळा बेसाल्ट लाव्ह्याचा, त्यात गॅस होण्याजोगे जैव अवशेष नाहीत. लोणारच्या गाळात मात्र मिथेन करणारे सूक्ष्मजीव आहेत. पुण्याच्या संशोधकांनी ते वेगळेही काढले आहेत.

मुंबई हायची गोष्ट निराळी. 1974 मध्ये तिथल्या चुनखडकात तेल आणि वायू सापडले, पण त्यांचा जन्म तिथला नव्हे. ते शिजले आणखी खोल, आणखी जुन्या पन्ना शैलसमूहातल्या शेलमध्ये, आणि तिथून सरकत चुनखडकात येऊन साठले. म्हणून साठ्याच्या खडकाचं वय म्हणजे गॅसचं वय नव्हे.

शेवटची कसोटी कार्बन-14 ची. त्याचं अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं. मुंबई हायच्या गॅसमधला तो केव्हाच संपला. तुमच्या गोबरगॅसमध्ये आजही सापडेल, कारण त्यातला कार्बन अलीकडच्या हंगामाच्या वैरणीचा आहे.