घरातील मत्स्यटाकी : पाण्याची निगा

मूल, सिंदेवाही व नागभीड या धानाच्या पट्ट्यात पाणी आणि मासळी यांची ओळख कोणाला करून देण्याची आवश्यकता नाही. गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले मामा तलाव, धानाला पाणी पुरवितात आणि धीवर बांधवांना मासळी देतात. काचेच्या टाकीत शोभेचे मासे बाळगण्याची हौस आता तालुक्याच्या गावीही दिसून येते. परंतु टाकी आणली, मासे सोडले आणि आठ-पंधरा दिवसांत ते मेले, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचे कारण बहुधा माशांत नसून पाण्यात असते. तलावातील अफाट पाण्यात घाण विरून जाते. टाकीतील साठ लिटर पाण्यात ती साचून राहते. म्हणून मासे पाळणे म्हणजे प्रथम पाणी सांभाळणे होय.

गोडे पाणीच का?

समुद्रातील रंगीत प्रवाळांची चित्रे पाहून तसे प्रवाळ घरी असावेत असे काहींना वाटते. मेंदूच्या वळ्यांसारखा दिसणारा मेंदू-प्रवाळ त्यांपैकीच एक. हा दगड नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने त्यांना अन्न पुरविते. त्यांना लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी आणि साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान लागते. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एक-दोन अंशांनीही काही आठवडे अधिक तापले, तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडून मरू लागतात. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेता येथे त्यांचा निभाव लागणे किती कठीण आहे हे उघड होते. शिवाय २००१ सालापासून खडकनिर्माते प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते गोळा करणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ तेथेच पाहावेत हे योग्य. घरासाठी गोड्या पाण्यातील मासे निवडावेत.

टाकी व तिची जागा

प्रथम टाकी घेणाऱ्याने अगदी लहान गोल भांडे घेऊ नये. थोडे पाणी लवकर तापते व लवकर बिघडते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३६ सेंटिमीटर उंच टाकीत सुमारे ६५ लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन ६५ किलो होते. म्हणून बैठक भक्कम व समतल असावी. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. तळाशी घालावयाची वाळू अनेकदा धुऊन घ्यावी. तीवर लिंबाचा रस टाकला असता फेस आला, तर तीत चुना आहे असे समजून ती वापरू नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मग वापरावे.

टाकी पक्व होऊ देणे

नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासमान आहे. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वाढणारे उपयुक्त सूक्ष्म जंतू अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही घातकच आहे. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात, आणि हे बरेच कमी अपायकारक असते. शेणखत जमिनीत कुजून पिकाला नत्र मिळते ते अशाच जंतूंमुळे. शेतकऱ्याला ही क्रिया परकी नाही. हे जंतू पुरेसे वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात.

यासाठी आरंभी तीन-चारच लहान मासे सोडावेत, त्यांना अल्प अन्न द्यावे व पुढील मासे थोडेथोडे वाढवावेत. जुन्या निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास काम लवकर होते. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा, म्हणजे जंतू मरत नाहीत. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे, सारख्याच तापमानाचे पाणी घालावे. केवळ आटलेले पाणी भरून काढणे पुरेसे नाही. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात.

झेब्रा डॅनिओ व गुलाबी बार्ब हे भारतीय मूळचे मासे आरंभास चांगले. गोल्डफिश मोठा होतो व फार घाण करतो. लहान टाकीस तो योग्य नाही.

उन्हाळ्यातील काळजी

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. उलट उष्णतेत माशांना प्राणवायू अधिक लागतो आणि अमोनियाचा विषारीपणाही वाढतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायूची उणीव आहे असे समजावे.

उन्हाळ्यात मासे कमी ठेवावेत व हवापंप अखंड चालू ठेवावा. पाण्यावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने ते काहीसे थंड होते. वीज गेल्यास तांब्याने पाणी काढून वरून धार धरावी. बर्फ थेट टाकू नये. तापमान एकदम बदलल्यास मासे आजारी पडतात.

अन्न व रोग

दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच अन्न दिवसातून एक-दोन वेळा द्यावे. उरलेले अन्न काढून टाकावे. नवीन मासे दोन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवावेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास तो संसर्गजन्य रोग समजून आजारी मासा त्वरित वेगळा करावा.

तलावात मासे सोडू नयेत

हौस संपली किंवा मासे मोठे झाले की ते तलावात सोडून देण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. टाकीतील काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो उजनीच्या जलाशयात पसरला असून मासेमारांना उपद्रवकारक ठरला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात आणि त्याला बाजारात किंमत नाही. असा मासा एकदा मामा तलावात शिरला, तर तो पुन्हा निवडून काढणे जवळजवळ अशक्य होय. एका घराच्या दया-बुद्धीची किंमत तलावावर पोट असलेल्या अनेक कुटुंबांना मोजावी लागेल. नको असलेले मासे विक्रेत्याकडे परत द्यावेत अथवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. टाकीचे पाणी परसातील झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खत होते.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आला. या व्यवसायाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी आधी एका टाकीचे पाणी वर्षभर, विशेषतः एक उन्हाळा, सांभाळून पाहावे. ज्याला ते साधले त्याला दहा टाक्यांचे काम अवघड जाणार नाही.