शंभर मीटरचा वेग आणि बास्केटबॉलची शिष्यवृत्ती

शंका : माझा मुलगा अकरावीत आहे. हिवाळ्यात शाळेच्या संघातून गार्ड म्हणून बास्केटबॉल खेळतो, वसंतात ट्रॅकवर धावतो. शंभर मीटर ११.२ सेकंद, उंची सहा फूट. बास्केटबॉलच्या जोरावर चांगल्या कॉलेजच्या संघात जावं अशी त्याची इच्छा आहे. ओळखीचे पालक म्हणतात, ट्रॅकची वेळ ठळक लिहा, प्रशिक्षक वेगावर भाळतात. हे कितपत खरं? – एक पालक, एडिसन, न्यू जर्सी

समाधान : वेळ जरूर लिहा, पण त्या आकड्यावर संघात जागा मिळेल अशी आशा मुलाला लावू नका. अमेरिकेत अकरा सेकंदांच्या आत धावणारी शाळकरी मुलं दर वर्षी शेकड्यांनी निघतात. त्यातल्या बहुतेकांना चेंडू घेऊन धड वळता येत नाही, हे तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाला पक्कं ठाऊक असतं.

आधी अंतर पाहू. कॉलेजचं कोर्ट ९४ फूट लांब, म्हणजे साडेअठ्ठावीस मीटरहून किंचित जास्त. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात आला होता. तुमचा मुलगा आपला सर्वोच्च वेग त्याहून लवकर गाठत असेल, तरी पूर्ण वेगात येईपर्यंत कोर्ट संपत आलेलं असतं. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वरिष्ठ बास्केटबॉल खेळाडूंच्या सामन्यांचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूच्या हालचालीचा प्रकार सरासरी दर दोन सेकंदांनी बदलत होता, आणि जोराची एक धाव सरासरी दोन सेकंदही टिकत नव्हती. शंभर मीटरच्या शर्यतीतला जो भाग धावपटूला मोठा करतो, म्हणजे ताठ शरीराने लांब टांगा टाकत वेग टिकवणं, तो बास्केटबॉलमध्ये क्वचितच वापरायला मिळतो.

उरतात ते पहिले पाच-दहा मीटर. ते मात्र सोन्याच्या मोलाचे. बचाव करणाऱ्याच्या खांद्याजवळून पहिल्या पावलात निसटणं, चेंडू हिसकावल्यावर सर्वांच्या पुढे बास्केटखाली पोचणं, आपला चेंडू गेल्यावर मागे धावून सोपा लेअप अडवणं, यात वेग थेट कामाला येतो. पण शंभर मीटरला सारखीच वेळ देणाऱ्या दोन मुलांमध्येही पहिल्या दहा मीटरचा फरक पडू शकतो. तुमच्या मुलाची ती वेळ वेगळी मोजून घ्या. प्रशिक्षकाला सांगायचा आकडा तोच आहे.

आणि थांबणं? माझ्या मते पालक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते याच्याकडे. धावपटूला अंतिम रेषेनंतर हळूहळू वेग ओसरवायला वीस-तीस मीटर मोकळे मिळतात. गार्डला दोन पावलांत थांबून उडी मारायची असते, तीही तोल न जाता. तिथे मांडीच्या स्नायूंना लांबत असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो. ही वेगळी ताकद आहे आणि नुसत्या ट्रॅकच्या सरावाने ती पुरेशी येत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून धक्का मारल्याचे फाउल होतात, चेंडू सुटतो, लेअप फळ्यावर आदळतो.

वेगवान मुलाचं चांगलं उदाहरण नेट रॉबिन्सनचं. सिअॅटलच्या या मुलाने शाळेत ११० मीटर अडथळ्यांची शर्यत गाजवली, वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या वर्षी फुटबॉलही खेळला, मग फुटबॉल सोडून बास्केटबॉलला वाहून घेतलं. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, तरी २००५ मध्ये एनबीएच्या पहिल्या फेरीत निवड झाली आणि डंकची स्पर्धा त्याने तीनदा जिंकली. त्याच्याकडे स्फोटक वेग होता, तसाच लांबून शॉट होता आणि चेंडूवर हुकूमत होती. आता दुसरं टोक बघा. तुमच्याच राज्यात, जर्सी सिटीच्या सेंट अँथनी शाळेतून काइल अँडरसन पुढे आला. त्याच्या संथ चालीमुळे त्याला ‘स्लो-मो’ असंच म्हणत. यूसीएलएमध्ये २०१३-१४ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १४.६ गुण, ८.८ रिबाउंड आणि ६.५ असिस्ट अशी कामगिरी केली आणि त्याच वर्षी एनबीएच्या सॅन अँटोनियो संघाने त्याला पहिल्या फेरीत उचललं. समोरचा कुठे सरकणार हे त्याला आधी दिसायचं. अर्थात तो सहा फूट नऊ इंच होता, हेही विसरू नका. तुमचा मुलगा सहा फुटांचा आहे. त्याला वेग लागणारच, पण हातात चेंडू असतानाचा.

म्हणून व्हिडिओ पाठवाल तेव्हा ट्रॅकवरची धाव एक पुरे. बाकी फिती डाव्या हाताने ड्रिबल करत दबाव मोडल्याच्या, पूर्ण वेगात येऊन योग्य पास दिल्याच्या, आणि चेंडू हरल्यावर धावत परतल्याच्या असू द्या. ही शेवटची फीत फार थोडी मुलं पाठवतात.

शंका : मी १७ वर्षांची आहे. १०० आणि २०० मीटर धावते, बास्केटबॉलही खेळते. अमेरिकेत कॉलेजमध्ये दोन्ही खेळ खेळता येतात असं ऐकलं. खरं आहे का? की आत्ताच एक सोडू? – एक खेळाडू, नाशिक

समाधान : खरं आहे, आणि मुलींनी ते फार उंचीवर नेऊन दाखवलं आहे. जॅकी जॉयनर-कर्सी यूसीएलएमध्ये बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर गेली, तिथल्या संघातून खेळली आणि त्याच काळात हेप्टॅथलॉनमध्येही घडली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधला तिचा ७,२९१ गुणांचा विश्वविक्रम अजून अबाधित आहे. पण १९८४ च्या ऑलिंपिकसाठी तिला बास्केटबॉलचा एक हंगाम बाजूला ठेवावा लागला होता. मेरियन जोन्स तर तुझ्यासारखीच धावपटू. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९९४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, तेव्हा पहिल्या वर्षाला असलेली ही मुलगी त्या संघाची पॉइंट गार्ड होती. पुढे उत्तेजकांच्या वापराची कबुली देऊन तिने सिडनी ऑलिंपिकची पाचही पदकं गमावली. तो भाग अनुकरणाचा नाही, म्हणून स्पष्ट सांगतो.

अडचण वेळापत्रकाची आहे. बास्केटबॉल नोव्हेंबर ते मार्चअखेर चालतो आणि इनडोअर ट्रॅकचा हंगाम नेमका त्यातच येतो. दोन्ही प्रशिक्षक राजी असतील तरच हे जमतं, म्हणून प्रवेशाआधी दोघांशी बोल.

आणखी एक गोष्ट तुझ्या उपयोगाची. तू नाशिकला २०० मीटर किती सेकंदांत धावलीस हे ओहायोतल्या प्रशिक्षकाला तुला न पाहताही कळतं. तू बास्केटबॉल कसा खेळतेस हे मात्र त्याला तुझ्यासमोर कोण होतं हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. तुझ्यासाठी ट्रॅकचा दरवाजा आधी उघडण्याची शक्यता मला जास्त वाटते. वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रावरची दे. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ साधारण पाव सेकंदाने चांगली दिसते आणि तिथे ती धरत नाहीत. डिव्हिजन तीन, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावरच्या, कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. डिव्हिजन एकचे नियम २०२५-२६ पासून बदलले आहेत, तेव्हा रक्कम आणि अटी थेट कॉलेजकडून लेखी घे.

आत्ता एकही खेळ सोडू नकोस. फक्त उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरणं आणि वेगात असताना थांबणं हे आठवड्यातून दोनदा शिक. अचानक थांबताना आणि वळताना गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि वेग जितका जास्त तितका गुडघ्यावरचा भारही जास्त.

शंका : बास्केटबॉल संघ निवडताना आम्ही मुलांना १०० मीटर धावायला लावतो. हे योग्य आहे का? – क्रीडाशिक्षक, सांगली

समाधान : नाही. १०० मीटर काढून टाका. एनबीएच्या निवड शिबिरात तीन-चतुर्थांश कोर्ट, म्हणजे ७५ फूट धावायला लावतात. शिवाय बास्केटसमोरच्या आयताभोवती पुढे धावत, बाजूला सरकत, मागे धावत फेरी मारायची चपळतेची चाचणी असते, आणि उभी उडी. तुम्ही त्यात पहिल्या दहा मीटरची वेळ मिळवा.

पण चाचणीला निवडीचं एकमेव माप करू नका. अमेरिकेतल्या डिव्हिजन एकच्या खेळाडूंवर संशोधक जे हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. उडी, पायांची ताकद, वेग आणि चपळता यांचा खेळायला मिळालेल्या मिनिटांशी संबंध त्यात दिसला, तरी प्रशिक्षकाने केलेलं खेळाचं मूल्यमापन त्याहून बोलकं ठरलं. टेक्सास विद्यापीठात एक वर्ष गाजवून २००७ च्या शिबिरात आलेल्या केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचं बेंच प्रेस एकदाही उचलता आलं नव्हतं. २०१४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

चार शंकू, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर या सगळ्या चाचण्या होतात. त्यानंतर प्रत्येक मुलाला निदान दोन सराव सामने खेळवा आणि मगच यादी लावा.