वीज तोडण्यापूर्वी

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा इकडे विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी वाड्या बरेच दिवस अंधारात होत्या. त्याआधी मार्चपासून करोनामुळे मीटर वाचायला माणूस येत नव्हता. बिले सरासरीने निघत होती. पुढे मीटर वाचले आणि दोन-तीन महिन्यांचे बिल एकदम हातात पडले. आकडा बघून माणसांना घाम फुटला. आता वीज तोडतील, ही धास्ती.

अशा वेळी आधी बिल नीट वाचावे. तुम्हाला आता वाचता येते. बिल किती महिन्यांचे आहे? तीन महिन्यांचे 300 युनिट म्हणजे दरमहा 100. पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. म्हणून हिशेब महिन्यांत विभागूनच व्हायला हवा. मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून बघा.

बिल थकले, तरी वायरमनला लगेच वीज तोडता येत नाही. 2003 सालच्या वीज कायद्यात 56 वे कलम आहे. आधी लेखी नोटीस द्यावी लागते. हल्ली ती मोबाईलवरही येते. मधे पुरे 15 दिवस जावे लागतात. नोटीस 1 तारखेला मिळाली, तर 17 तारखेच्या आधी वीज तोडता येत नाही. नोटीस वाशात खोचू नका, पावसात भिजते. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

“बिलच चुकीचे, मग भरू कशाला?” असे काही जण म्हणतात. नुसते अडून बसलात, तर वीज जाईल. समजा, बिल 4,800 रुपयांचे आले. मागच्या सहा महिन्यांची सरासरी महिना 600 रुपये आहे. तर “तक्रार राखून भरतो” असे लिहून त्या महिन्याचे 600 रुपये भरा. पावती घ्या. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार 1912 या नंबरावर करा, पण लेखी अर्जही द्या. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

लोक अजून “बोर्डाची माणसे” म्हणतात. बोर्ड 2005 साली विभागले. आता कंपनी महावितरण. “आज रात्री वीज तोडू, या नंबरावर फोन करा” असा संदेश कुणाच्या खाजगी नंबरावरून आला, तर तो ठकाचा समजा. फोन करू नका, पैसे पाठवू नका.

एकदा वीज तोडली, की थकबाकी तर भरावी लागतेच. तोडण्या-जोडण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. फ्रीजमधली मासळी नासते, ती वेगळीच.