झोका, पूल आणि घर

नागपंचमीला बायका-मुली झाडाला झोके बांधतात. झोका नीट पाहिला आहे का? दोर लांब असला, की झोका सावकाश जातो-येतो. दोर आखूड असला, की तो भरभर हलतो. वर लहान मूल बसो की मोठी बाई, चाल जवळजवळ तीच राहते. म्हणजे प्रत्येक झोक्याची एक ठरलेली लय असते.

झोका मागे येऊन परत निघाला, की त्याला हलकेच ढकलावे. दर खेपेला असे केले, तर लहान पोरही मोठ्या माणसाचा झोका उंच नेते. जोर थोडाच असतो. पण तो वेळेवर आणि पुन्हापुन्हा लागतो. म्हणून झोका वाढतो. याला अनुनाद म्हणतात. ढकलणे थांबले, की हवा आणि दोराचे घर्षण झोक्याचा जोर खातात. झोका हळूहळू थांबतो. याला अवमंदन म्हणतात.

पुलालाही अशीच लय असते. इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे साखळ्यांनी टांगलेला एक पूल होता. १२ एप्रिल १८३१ रोजी ७४ शिपाई चौघाचौघांच्या रांगेने त्यावरून निघाले. पूल पावलांबरोबर डोलू लागला. शिपायांना गंमत वाटली. ते आणखी ठेक्यात चालले. तोच साखळीचा एक बोल्ट तुटला आणि पुलाचे टोक नदीत कोसळले. सुमारे ४० शिपाई खाली पडले. कोणी दगावले नाही. पण पुष्कळांना दुखापत झाली. बोल्ट मुळात कच्चाच होता. ठेक्याने त्याचा कच्चेपणा उघडा पाडला. पुढे हुकूम निघाला, की शिपायांनी पुलावर ठेका मोडून चालावे.

आता आपले घर पाहू. एस.टी. एकदम सुटली, की उभा माणूस मागे कलतो. भूकंपात तसेच होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, भिंती आणि छप्पर मागे रेंगाळतात. भार जितका जास्त, तितका भिंतींवर ताण जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. तेथे पुष्कळ घरांच्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. वर माळवदाचा मोठा भार होता. भिंती फुटल्या, माळवदे खाली आली. हजारो माणसे झोपेतच गेली.

मग काय करावे? माळवदावर मातीचे थर वाढवू नयेत. दगडी भिंतीत मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घालावेत. दारे-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून, लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. पिपाला कडे असते ना? तसा हा पट्टा चारी भिंती एकत्र धरतो. बांधण्याआधी जाणत्या इंजिनिअरला विचारावे. घर हलले तरी चालेल, पण ते पडता कामा नये.

करून पाहा : दोऱ्याला दगड बांधून हलवा. दहा झोके होईपर्यंत आकडे मोजा. मग दोरा आखूड करून पुन्हा मोजा. काय फरक पडला?

प्रश्न :
१. थोड्या जोराने झोका उंच कसा जातो?
२. शिपाई पुलावर ठेका का मोडतात?
३. तुमच्या घराच्या छपरावर किती भार आहे? तो कमी करता येईल का?