आधी पाणी, मग दगड
(अर्ध्या दिवसाची बेट-सहल नेऊ पाहणाऱ्या भाचीला मामाचा कानमंत्र)

तुझा फोन आला तेव्हाच म्हटलं, पोरीने धंदा बरा निवडला. एका वेळी एकच कुटुंब, सकाळचा अर्धा दिवस, आणि ठाण्याची जुनी ठिकाणं. आता डोंबिवलीचा माणूस तुला पहिला प्रश्न हाच विचारणार, की ठाण्यात बघायचं काय, आम्ही तर रोज उतरतो तिथे. त्याला एवढंच सांग, की तू रोज एका बेटावर उतरतोस. कळवा मागे पडलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, की मुख्य भूमी संपते आणि साष्टीचं बेट सुरू होतं. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. ठाणं या बेटाच्या ईशान्येच्या कोपऱ्यावर, अगदी उंबऱ्यात बसलंय.

हे एकदा पाहुण्याच्या डोक्यात शिरलं की बाकीचं सोपं. म्हणून माझा पहिला आणि मुख्य मंत्र लिहून ठेव: आधी पाणी दाखव, मग दगड. पाणी न बघता किल्ला दाखवलास तर ती नुसती भिंत दिसते. पाणी बघून आलेला माणूस स्वतःच विचारतो, की भिंत इथेच का.

पंचांग बघून तारीख दे

हसू नकोस. खाडी ओहोटीला बघितली तर चिखल, प्लास्टिक आणि वास. भरतीला तीच खाडी बघितली तर माणूस गप्प होतो. कोळीवाड्यातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब ढोबळ, आणि तोही उघड्या समुद्राचा; खाडीच्या टोकाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तेवढा धरायचा.

म्हणजे सकाळी सात-साडेसातला सुरुवात करणार असशील तर अष्टमी ते दशमी उत्तम, पक्ष कोणताही असो. पाहुण्यांना पौर्णिमेचाच रविवार सोयीचा असेल तर क्रम उलटा कर. आधी तलाव आणि देऊळ, शेवटी खाडी. सहल तीच, नुसती फिरवून घेतलेली. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, त्या बघच. पण पाहुण्यांसमोर तिथीचा गुणाकार बोटांवर करून दाखवलास, तर घरी गेल्यावर पोरं तोच करत बसतील.

थांबे मोजके ठेव

अर्धा दिवस म्हणजे सकाळचे पाच तास. त्यातला एक खाण्यात, एक चालण्यात जातो. उरले तीन. त्यात चार ठिकाणं नीट होतात, पाचवं घुसवलंस की सगळीच पातळ होतात. माझा क्रम असा: कळवा पूल, किल्ला, टेंभी नाक्याचा परिसर, आणि मासुंदा तलाव व त्याजवळचं कौपिनेश्वराचं देऊळ. घोडबंदर यात घालू नकोस. त्या रस्त्यावर ट्रक, त्यात गायमुखचा घाट. कधी अडकशील सांगता येत नाही. घोडबंदर हा वेगळा अर्धा दिवस, त्याचं पुढे सांगतो.

पुलावर: कळवा पुलाच्या ठाण्याकडच्या टोकाला उभं राहा, रहदारीपासून बाजूला. पोरांना कठड्यापासून लांब ठेव. इथे फक्त दोन गोष्टी सांगायच्या. पहिली रेल्वेची. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून दुपारी तीन पस्तीसला पहिली गाडी सुटली आणि ठाण्यात येऊन थांबली. ठाण्यातच का? कारण पुढे खाडी होती, बेट इथे संपत होतं. खाडी ओलांडून रेल्वे कल्याणला पोचली ती मे 1854 मध्ये, म्हणजे वर्षभराने. पाठ्यपुस्तकात पहिली गाडी सगळ्यांनी वाचलेली असते. ती इथेच का थांबली हे कुणी विचारलेलं नसतं. दुसरी गोष्ट कल्याणकरांसाठी, त्यांच्या खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याची. शिवाजी महाराजांनी 1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतलं आणि कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. पण तिथून समुद्रावर जायला वाटा दोनच, एक वसईच्या बाजूने, एक ठाण्याच्या बाजूने, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज बसलेले. एवढं सांगून थांब. उरलेलं पाहुणा पाण्याकडे बघून स्वतः जुळवतो.

किल्ल्यावर: ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही, आणि बाहेरूनही फोटो काढायचे नाहीत. हे गाडीतच सांगून ठेव. मोबाइल खिशात, आवाज हळू. पोर्तुगीजांनी हा किल्ला 1730 च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत, 1737 मध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो लढून घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. एवढ्या तारखा पुरेत. त्याहून जास्त सांगितल्यास तर लोक रिक्षा शोधायला लागतात.

इथे गोष्ट सांग ती त्र्यंबकजी डेंगळ्यांची. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या 1815 मधल्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांना या किल्ल्यात डांबलं. पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवला, म्हणजे फितुरीची भीती नको. आणि नेमकं तेच अंगाशी आलं. तटाबाहेर एक मोतद्दार घोड्याची देखभाल करता करता मराठीत गाणी म्हणायचा. गाण्यातून निरोप जात होते, आणि पहाऱ्यावरच्या एकालाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं. 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी पसार झाले. ही गोष्ट बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. तुरुंगापासून थोडं चालून सेंट जेम्स चर्च आहे, त्याचं प्रतिष्ठापन 1825 मध्ये याच हेबरने केलं. म्हणजे गोष्ट सांगायची किल्ल्यापाशी आणि ती सांगणारा दाखवायचा चर्चपाशी. चालण्यातला वेळ असा कामाला लावायचा.

ही गोष्ट सांगताना पाहुणे हसतात. हसू दे. मग आवाज बदलून सांग, की याच तुरुंगात 1848 मध्ये राघोजी भांगरे फाशी गेले, आणि 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. वर्णन करू नकोस. नावं घे, तारीख सांग आणि चालायला लाग.

ऐकीव आणि लेखी वेगळं ठेव

गाइड लोकांची एक खोड असते. लोकांना आवडतं म्हणून भुयारं सांगतात. हा किल्ला आणि तो किल्ला आतून जोडलेला आहे म्हणे. खाडीखालून! तू असं काही सांगू नकोस. आणि पाहुण्यातल्या एखाद्या काकांनी सांगितलंच, तर त्यांना खोटंही पाडू नकोस. म्हणायचं, "हो, असं सांगतात." आणि ज्याला कागद आहे तिथे म्हणायचं, "अशी नोंद आहे." ही दोन वाक्यं वेगळी ठेवलीस की तुझ्यावर विश्वास बसतो.

नोंदी कमी नाहीत. 1787 मध्ये किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला, शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017 चा. शिलाहारांचं श्रीस्थानक ते हेच ठाणं. एखाद्या भुयारापेक्षा हे कितीतरी भारी आहे, फक्त सांगता आलं पाहिजे. पाहुण्याला विचार, "तुमच्या घराचा सगळ्यात जुना कागद कधीचा?" कुणी म्हणेल आजोबांचा, कुणी म्हणेल सातबारा. मग ताम्रपटाचं साल सांग.

प्रार्थनास्थळी पायरीवर थांब

टेंभी नाक्याच्या परिसरात बेने इस्रायली समाजाचं 1879 चं सिनेगॉग आहे. आत जायचं तर आधी बोलून परवानगी घेतलेली असावी, शनिवार टाळावा, ओळखपत्रं बरोबर असावीत. परवानगी नसेल तर रस्त्यावरून दाखव आणि पुढे चल. फाटकाशी हुज्जत घालायची नाही. मासुंद्याजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, मूळ पोर्तुगीज काळातलं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा घोळका घेऊन आत शिरू नकोस. बाहेर झाडाखाली उभं राहून सांग, की 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी येऊन त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनकडे गेला. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. कारण तेच, बंदर. जिथे पाणी आत येतं तिथे दुनिया आत येते.

कौपिनेश्वराला मात्र आत जा. शिलाहार काळापासूनचं हे शिवस्थान. आजच्या देवळाची उभारणी पेशवाईतली, 1760 च्या सुमाराची, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांची. पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा येणारा थबकतोच. तिथे तू काही बोलू नकोस. दर्शन झालं की बाहेर तलावपाळीवर बसून बोल. सोमवार आणि श्रावण टाळ, नाहीतर निम्मा वेळ रांगेत जाईल.

दुर्गाडीवर कधी नेलंस तर तिथलंही सांगून ठेवतो. वर देवीचं देऊळ आहे, ईदगाहही आहे. कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी पाहुण्यांत चघळायच्या नाहीत. तू वाट दाखवायला आली आहेस, निवाडा करायला नाही.

माणसं आधी ओळख

बुकिंग घेताना तीन प्रश्न विचार: कोण कोण येणार, कुणाचे गुडघे दुखतात, आणि कुणाला इतिहासाची आवड आहे. पहिल्या उत्तरावरून गाडी ठरते, दुसऱ्यावरून चालणं. तिसऱ्यावरून कळतं की प्रश्न कोण विचारणार. त्या माणसाला दोन मिनिटं जास्त दे, पण सहल त्याच्या हाती देऊ नकोस. परदेशातून आलेला मुलगा, सून आणि आईबाबा असा संच असेल तर लक्षात ठेव, पैसे मुलगा देतो पण बोलायचं आईबाबांशी. त्यांना आपलं जुनं ठाणं आठवायचं असतं. "तुम्ही ठाण्याला पहिल्यांदा कधी आलात?" एवढं विचारलंस की अर्धी सहल तेच चालवतात. तू फक्त मध्ये मध्ये साल जोडत जा.

लहान मुलांना एकेक काम दे. एकाने दगडी भिंती मोजायच्या, एकाने तलाव. ठाण्यात तलावांना तोटा नाही.

स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी स्वतः जाऊन बघून ये. इतिहास चुकला तर लोक विसरतात, हे चुकलं तर विसरत नाहीत.

पैसे आणि मिसळ

दर आधीच सांग, आणि त्यात काय येतं तेही. रिक्षा, चहा, नाश्ता कुणाचा, उशीर झाला तर काय, पाऊस आला तर काय. चार ओळींत लिहून पाठव. ओळखीचे आहेत म्हणून फुकट नेऊ नकोस; फुकट आलेला माणूस नऊला उठतो. ओळखीच्यांना सवलत दे, पण आकडा सांगून दे.

नाश्त्याला मामलेदार कचेरीजवळची मिसळ. पहिल्यांदा खाणाऱ्याला कमी तिखट मागायला सांग, शूरपणा नको. खाडीच्या आधी खायला नेऊ नकोस. पोट भरलं की पाय जड होतात. देऊळ झाल्यावर, साडेदहाच्या सुमाराला, बरोबर.

बारा वाजता संपव

गोष्ट कितीही रंगली तरी बाराला आवर. ऊन वाढतं, पोरं कुरकुरतात आणि सकाळची चांगली आठवण दुपारच्या घामात जाते. शेवटी तलावपाळीवर गडकरी रंगायतनजवळ सावलीत बसव आणि अख्ख्या सकाळचं सार एका वाक्यात सांग: इथे जे जे उभं राहिलं, किल्ला, चर्च, देऊळ, स्टेशन, ते सगळं पाणी ओलांडण्यासाठी किंवा ओलांडू न देण्यासाठी. बाकी काही सांगू नकोस.

मग कुणीतरी विचारेल, "आता पुढे काय बघायचं?" तेव्हा घोडबंदर काढ. बेटाच्या उत्तर काठावरचा किल्ला, समोर वसईची खाडी, तोही 1737 मध्येच मराठ्यांकडे आला. इथे तू बेटाची एक बाजू दाखवलीस, ती दुसरी. मात्र निघायचं पहाटे साडेसहाच्या आत. तारीख मागतील. लगेच हो म्हणू नकोस. आधी पंचांग उघड.